हलका हाय, चल

नाक्यावर कोणी वंगाळ बोललं की दफेदारांचं बोट वर जायचं, आढ्याकडे. "वास्तू तथास्तु म्हणती, राव. नीट बोला." मग बोलणारा मुकाट्यानं शब्द बदलायचा.

उमापूरच्या पुढं निजाम सरकारचा जकातीचा नाका होता, पलीकडे इंग्रजांचा मुलूख. मी तिथं कारकून आणि दफेदार गस्तीचे घोडेस्वार. घोडी त्यांची स्वतःची, पांढरी, नाव सखी. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याचं पोट दारातून आधी येतं आणि मागून तो येतो. तसे दफेदार.

त्या उन्हाळ्यात दफेदारांच्या भारानं खोगिराखाली सखीची पाठ सोलवटली. जखम भरेना. बडे साहेब पाहणीला आले, त्यांनी खोगीर उतरवायला लावलं आणि म्हणाले, "दसरे तक ये तुमकू लेके सीधी नई चली, तो बेच डालो." शिंगरू होती तेव्हापासून दफेदारांनी तिला हातानं चारलेली. बोटही वर गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "मग आता खाणं सोडायचं म्हणा." लगेच बोट वर. "सोडायचं न्हाई. मी हलका हाय. हलक्या माणसाला लागतं तेवढं खायचं."

दफेदारांच्या घरच्या, आमच्या वहिनी, दुपारी नाक्यावर भाकरी घेऊन यायच्या. भाकरी पुढ्यात आली की दफेदार डोळे मिटून बसत.

"कावून हो? डोळे कशापायी मिटता?" मी विचारलं.

"आधी बघून घेतो. सखीवर टुणकन बसलोय. तिची पाठ कोरडी हाय, कान ताठ हायेत. असं दिसलं की मग हात घालतो."

"बघा, बघा," वहिनी म्हणायच्या, "तवर भाकर वाळती."

उमापुरात एका लग्नात त्यांनी दुसऱ्या लाडवालाच पानावर हात आडवा धरला. "तृप्त हाय," म्हणाले. दफेदार लाडू नको म्हणतात म्हणजे मानपानात काहीतरी चुकलंच, असं मुलीच्या बापानं धरलं. दोन म्हातारे मनधरणीला आले, एक तर पागोटं काढून पायावर ठेवायला निघाला. "रुसलो न्हाई, बाबांनो. हलका झालोय," दफेदार म्हणाले. म्हातारे त्यांच्या पोटाकडे बघत राहिले.

आणि गस्त? पाठ भरेपर्यंत ते तिच्यावर बसलेच नाहीत. खोगीर यांच्या खांद्यावर, लगाम हातात, मागून सखी मोकळ्या पाठीनं. निघताना तिच्या कानात सांगायचं, "हलका हाय गं, चल." रोज शिवेपर्यंत ही वरात. गाव पोट धरून हसायचं.

मीही एकदा म्हणालो, "दफेदार, शब्दानं काय होतंय? पायी फिरून झडलात तुमी."

"पाय तरी उचलतो कुणाच्या सांगण्यावरून? शब्दाच्याच." ते म्हणाले.

दसऱ्याला सखीच्या गळ्यात झेंडूची माळ होती. पाठ भरली होती. दफेदारांच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली होती. साहेबांसमोर त्यांनी डोळे मिटले, उघडले, सखीच्या कानात तेच वाक्य सांगितलं आणि बसले. टुणकन नाही, पण बसले. सखी आपट्याच्या झाडापर्यंत सरळ गेली नि परत आली. साहेब "ठीक है" म्हणून निघून गेले. दफेदार घोडीवर बसूनच रडले. मलाही रडू आलं. त्या माणसावर माझी फार माया होती.

पुढं तापाच्या साथीत दफेदार गेले. या शब्दालाही त्यांनी बोट वर केलं असतं.

वहिनींनी सखी नाक्याच्या नव्या स्वाराला दिली. तो बसला की ती जागची हलायची नाही. हरभरे दाखवून झाले, छडी झाली. शेवटी वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुमी बसून बघा. तुमी तिच्या वळखीचे."

बैठं काम करून मी तेव्हा चांगलाच सुटलो होतो. कसाबसा चढलो. सखीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या कानाशी वाकलो.

"हलका हाय गं, चल."

तिनं कान ताठ केले आणि ती चालू लागली.