तूच सांग म्हणणारे मास्तर

कुंडलजवळच्या आमच्या शाळेत शेजारच्या वर्गाला शिकवणारे मास्तर उत्तर कधी आपण होऊन सांगत नसत. कान खाजवत म्हणायचे, "मला न्हाई ठावं गड्या, तूच सांग." मग पोरं दोरी घेऊन विहीर मोजायची, आकड्यावरून भांडायची, आणि त्या गलक्यात मास्तर खुशीत हसत उभे असायचे.

स्वातंत्र्याच्या चळवळीचे दिवस होते. शाळा तपासायला साहेब आले, तेव्हा मास्तरच पोरांना म्हणाले, "इचारा रं सायबांना काय बी."

एका धनगराच्या मुलीनं उभं राहून विचारलं, "आवं सायब, तुमी गोऱ्यांचं का आमचं?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. मास्तरांनी पुढं होऊन तिच्या थोबाडीत दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गातून आवाजच येईना, म्हणून मी दारात जाऊन पाहिलं. मास्तर त्या मुलीपुढं जमिनीवर बसले होते. "चुकलं माझं, पोरी. मी भ्यालो. आता तू काय बी इचार."

तिनं विचारलं, "मारनार न्हाई न्हवं?"

मास्तरांनी 'न्हाई' म्हणून मान हलवली. तिच्याकडं बघायचं काही त्यांना जमलं नाही.