गोळा, कडी आणि मावशींची चक्की

डोंगरावरच्या ठाकरवाडीला रस्ता मंजूर आहे. हे वाक्य मी इतक्या पत्रकांत लिहिलंय की छापखानेवाला आता मजकूर मागतच नाही, तारीख तेवढी विचारतो. प्रत्यक्षात त्या मंजूर रस्त्यावर दगड आहेत, एका ओढ्याची घळ आहे आणि 'पुढे रस्ता नाही' असा सरकारी बोर्ड आहे. या वाडीबाबत सरकार खरं बोललंय ते तेवढंच.

म्हणून वाडीतल्या बायका दळण डोक्यावर घेऊन खालच्या गावात उतरतात आणि पीठ डोक्यावर घेऊन पुन्हा चढतात. आम्ही यावर मोर्चा काढला, निवेदन दिलं, निवेदनाची पोच घेतली. मग पनवेलमध्ये बंद पडलेल्या एका दुकानातली जुनी चक्की आम्हाला मिळाली. वाडीच्या बचत गटाच्या प्रमुख मावशींनी ते ऐकल्याबरोबर गावभर सांगून टाकलं, "माझ्या पोरीच्या लग्नाला खालच्या गावचं पीठ नाय यायचं. आपल्या चक्कीचं यायचं!" लग्न येत्या रविवारी. चक्की मात्र आमच्या ऑफिसात, आणि खुर्च्या कमी असल्यामुळे तिच्यावर बसून आम्ही मीटिंगा घेत होतो.

ती वर न्यायची तर आमच्या जीपमागे लावायची दोन चाकांची लोखंडी ट्रॉली हाच मार्ग होता. टेम्पो त्या वाटेने जात नाही. टेम्पोवाल्यांना अक्कल असते.

या ट्रॉलीबद्दल आमच्या संघटनेत एक रीत आहे. नवं आंदोलन आलं की ट्रॉलीला नवा रंग, वर नवी घोषणा. जुना रंग खरवडायचा नाही, त्याच्यावरच द्यायचा. मी ट्रॉली घेऊन कळंबोलीला चाचांच्या गॅरेजात गेले, तेव्हा ती मुळातल्यापेक्षा बोटभर जाड झाली असावी. चाचा उरणकडचे. बरीच वर्षं आखातात काढून आलेले, आणि आवाज असा की शेजारच्या गॅरेजातले लोक त्यांच्याच सूचनांवर काम करायचे.

"आमी वाळवंटात होतो तवा," चाचांनी सुरुवात केली, "रंग बगून गाडी पास करीत नव्हतो. खरवडा सगला!"

खरवडताना चाचा मोठ्याने वाचू लागले. "'जंगल आमच्या हक्काचं.' याच्या खाली काय हाय? 'पाणी द्या, नाहीतर खुर्ची सोडा.' आनि हे? 'वाडीला रस्ता झालाच पाहिजे.' मिलाला काय रस्ता?"

"नाही."

"पानी?"

"नाही."

"मंग रंग कशाला बदलला?"

याला उत्तर होतं. आंदोलनाच्या टप्प्यांबद्दल ते होतं आणि थोडं लांब होतं. मी तिसऱ्या वाक्यावर पोचले तोवर चाचा ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याशी पोचले होते. दांडा जिथे सांगाड्याला मिळतो, तिथे रंगाखाली तडा होता. वर नखाएवढा सुरू होऊन पार खालपर्यंत गेलेला.

"याला काय धरून हाय म्हाईत हाय?" चाचा म्हणाले. "तुमच्या घोषना."

मग त्यांनी तड्याच्या टोकाला ड्रिलने भोक पाडलं. मी ओरडलेच. आधीच मोडलेल्या वस्तूला आणखी भोक? हे तर अगदी आपल्या नगररचनेसारखं झालं! चाचा म्हणाले, तडा चालत असतो, भोकात पडला की थांबतो. त्यांनी तडा घासून खोल केला, वेल्ड केला, वरून जाड पट्टी मारली. पट्टी इतकी जाड होती की खालची ट्रॉली तिच्यासमोर गरीब वाटू लागली.

सांगाडा झाला. राहिला जोड, म्हणजे ट्रॉली जीपला कशाने अडकवायची. जुना हूक झिजून पातळ झाला होता. तो विषय आम्ही त्याच संध्याकाळी मीटिंगमध्ये घेतला.

आमच्याकडे मतदान नसतं. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत उठायचं नाही, हा नियम. मला तो नियम प्राणाहून प्रिय आहे, पण त्या संध्याकाळी चक्कीवर पाठीला टेकायला काही नव्हतं. आमचे सेक्रेटरी काका, बेने इस्रायल समाजातले, बँकेतून निवृत्त, यांचा भाचा ऑस्ट्रेलियात असतो आणि तिकडच्या ओसाड प्रदेशात गाडीमागे घर बांधून फिरतो. काकांनी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. जीपला लोखंडी गोळा, ट्रॉलीला वाटी, वाटी गोळ्यावर बसते, खट्ट!

"जगात सगळीकडे गोळाच वापरतात," काका म्हणाले.

"काका," मी म्हणाले, "तुमच्या भाच्याच्या त्या वाळवंटात सरकारने रस्ता केलाय. दिसतोय व्हिडिओत! लाल मातीचा का होईना, सपाट आहे. आपल्या घळीत ट्रॉली आडवी कलंडली की वाटी गोळ्यावर अडकणार आणि तिचा जबडा फाटणार. ट्रॅक्टरसारखी कडी आणि पिन घ्या. ढिली असते, हवी तशी वळते."

"आणि किती वाजते! अख्खा रस्ता खडखडाट."

"आपण आंदोलन आहोत, काका. वाजलंच पाहिजे."

मावशी त्या दिवशी चक्की बघायलाच आल्या होत्या. त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "आमच्या वाटंला एक चाक आभालात जातं नि एक पातालात. त्यात टिकंल तो घ्या. पन आज ठरवा गं बाय."

ठरलं. जेवणवेळ उलटून गेल्यावर ठराव झाला, 'दोन्ही मतांचा आदर राखून जोडाचे काम तातडीने करण्यात यावे.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हे स्पष्टच लिहिते, की एकमताच्या पद्धतीविरुद्ध कोणी हा प्रसंग वापरणार असेल तर मी त्याचा आगाऊ निषेध करते.

कारण दुसऱ्या दिवशी काका जीप घेऊन नव्या पनवेलला गेले आणि एका चकचकीत दुकानातून जीपला गोळा बसवून आले. मी कळंबोलीला ट्रॉलीच्या दांड्याला कडी बसवून घेतली आणि एका ट्रॅक्टरमागे लावून ती ऑफिसाशी आणली. दोघांनीही ठराव अक्षरशः पाळला होता.

शनिवारी सकाळी ऑफिसच्या दारात जीप मागे आली आणि कडी गोळ्यासमोर येऊन उभी राहिली. कडी गोळ्यावरून घातली तर खाली घरंगळायची आणि धक्का बसला की वर उडायची. काकांनी ती दोनदा वाकून, दोनदा चष्मा पुसून बघितली.

"ट्रॉलीला वाटी हवी," ते म्हणाले.

"जीपला पिन हवी," मी म्हणाले. "पण गोळा काढायचा तर ठरावात दुरुस्ती लागेल. त्याला कोरम लागेल."

मावशी पहाटे डोंगर उतरून आल्या होत्या. त्या ट्रॉलीत, चक्कीला हात लावून उभ्या होत्या. "तुमचा कोरम पीठ दलतो काय?" त्यांनी विचारलं. "उद्या लगीन हाय. शंभर माणूस पंगतीला बसंल, त्याला ठराव वाढू?"

मी चाचांना फोन लावला. ते मोटारसायकलवर आले, जीपच्या मागे वाकले आणि इतके हसले की समोरचा वडेवाला भट्टी सोडून बघायला आला. "वाळवंटात आमी उंट गाडीला जोडलेला बगितला," ते म्हणाले, "पन असं नाय बगितलं. कोनचा हाय हा गोला?"

"एकमताचा," काका घुश्श्यात म्हणाले.

चाचांनी गोळा उघडून काढला. त्याच्याच भोकातून त्यांनी अंगठ्यासारखी जाड पिन घातली, वर-खाली लोखंडी पट्ट्या, मध्ये आमची कडी, आणि कडी सुटली तरी ट्रॉली पळू नये म्हणून दोन साखळ्या, एकमेकींवर फुलीसारख्या. ट्रॉलीच्या मागच्या टोकाला, फोटोत दिसावी म्हणून बॅनरखाली ठेवलेली चक्की त्यांनी स्वतः पुढे सरकवून घेतली. "बोजा चाकांच्या जरा पुढं. मागं ठेवाल तर जीपचं ढुंगन उचलंल." काकांनी ठराव दुरुस्तीशिवाय बदलला गेल्याची तोंडी नोंद केली आणि पुढच्या सीटवर बसले.

घळीत खरोखर एक चाक आभाळात गेलं. कडी पिनवर कुरकुरत कलंडली, ट्रॉली एका अंगावर, जीप दुसऱ्या अंगावर, आणि जोड धरून राहिला. खडखडाट इतका होता की वाडीतली कुत्री आम्ही दिसायच्या आधीच भुंकायला लागली. मावशी ट्रॉलीमागून चालत होत्या, चक्कीला म्हशीसारखं चुचकारत. "हां, चल. चल बाय."

वाडीच्या तोंडाशी शेवटच्या दगडावर धाडकन आवाज झाला. पट्टी शाबूत, दांडा शाबूत, कडी शाबूत. चाकांमधला आस मात्र वाकला. दोन्ही चाकं वर एकमेकांकडे कलली, जणू काही त्यांची खाजगी मीटिंग चालू होती. आसाबद्दल कोणी विचारच केला नव्हता. तो अजेंड्यावर नव्हता.

ट्रॉली ढकलत मावशींच्या मांडवाशेजारी नेली. चक्कीसाठी ओटा बांधायचा होता, तो अर्थातच बांधला नव्हता. सिमेंट वर येणार कुठून, रस्ता नाही. मावशींनी ट्रॉलीभोवती एक फेरी मारली. मग होणाऱ्या जावयाच्या भावांना हाक मारली. चक्की ट्रॉलीलाच बोल्ट केली, चाकांखाली दगड घातले, दांडा एका धोंड्यावर टेकवला, विजेच्या खांबावरून वायर ओढली.

"मावशी," मी म्हणाले, "ट्रॉली संघटनेची मालमत्ता आहे. पुढच्या आठवड्यात तळोज्याच्या कारखान्यांच्या धुराविरुद्ध रॅली आहे."

"न्या की," मावशी म्हणाल्या. "रस्ता झाला की न्या."

मोटार सुरू झाली आणि चक्की थरथरू लागली, तसं दांड्याचं टोक धोंड्यावर उड्या मारू लागलं. सगळे हात धरायला धावले. मावशींनी इकडेतिकडे बघितलं, आमच्यात सर्वांत वजनदार कोण ते ठरवलं, आणि काकांना दंडाला धरून दांड्यावर बसवलं. उड्या थांबल्या. तांदळाचं पीठ पडायला लागलं. बायकांनी ते बोटांत चोळून बघितलं, एकमेकींना दाखवलं आणि पाट्या पुढे सरकवल्या.

घटकाभराने काका, मिशा पांढऱ्या झालेले, हळूच उठू लागले.

"बसा हो काका!" मावशी ओरडल्या. "अजून नाचनी बाकी हाय."