बघू हं

काकांनी दुकान बंद करायचं ठरवलं तेव्हा त्यांचं वय होतं एकोणऐंशी, आणि दुकानातल्या भिंतीवर चालू स्थितीतली सव्वीस घड्याळं होती. त्यातल्या एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं. घड्याळं दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाच्या दुकानात नक्की किती वाजलेत हे समोरच्या बेकरीवाल्याला विचारावं लागे, आणि ही गोष्ट घरातली झाडून सगळी भावंडं बाहेर मोठ्या कौतुकानं सांगत.

त्यातली तिघं रविवारी सकाळी आवराआवरीला आली होती. थोरला दादा हा काकांचा मोठा पुतण्या, शहरात बस चालवायचा. चिमणी ही आत्येबहीण, शाळेत शिकवायची आणि उंचीत जे कमी पडलं ते बोलण्यात भरून काढायची. तिचे ते मामा, बाकीच्यांचे काका. तिसरी डावरी, काकांच्या धाकट्या भावाची मुलगी. ती डावखुरी, म्हणून डावरी. खरं नाव होतं, पण ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. तिचं स्वतःचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि बिघडलेल्या मशीनला ती असं काही झापायची की अर्धी मशिनं भीतीनंच चालू होत असावीत.

काकांनी आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, "घड्याळं ज्याची त्याच्या घरी जातील. माझी हत्यारांची पेटी ज्याला हवी असेल त्यानं समोर येऊन मागायची. कुणी मागितली नाही तर सोमवारी भंगारवाला येतोय."

डावरीला ती पेटी हवी होती. चिमटे, केसाएवढे बारीक पेचकस, डोळ्याला लावायचं भिंग, सगळं हवं होतं. आणि पेटीबरोबर ती वापरायची विद्याही हवी होती. पण मागायचं म्हणजे काकांना विचारायचं, आणि काकांना चौथ्यांदा काहीही विचारणार नाही अशी तिनं वयाच्या अकराव्या वर्षी शपथ घेतली होती. आता ती बावन्न वर्षांची होती. एक्केचाळीस वर्षं पाळलेली शपथ मोडायची म्हणजे जिवावर येतं.

झालं होतं असं. त्या काळी सुट्टी लागली की चार घरांची अकरा पोरं काकांकडे येऊन पडायची. डावरी नऊ वर्षांची असताना तिनं विचारलं, "काका, मला घड्याळ शिकवाल?" काका भिंग लावून कामात गुंतलेले. मान वर न करता म्हणाले, "बघू हं." दहाव्या वर्षी विचारलं. "बघू हं." अकराव्या वर्षी तर पाठ करून, 'कृपया' वगैरे घालून विचारलं. "बघू हं." आणि त्याच आठवड्यात काकांनी दादाला शेजारी बसवून गजराचं घड्याळ उघडून दाखवलं! दादानं त्या घड्याळाची अशी वाट लावली की पुढे ते गजर झाला की थांबायचं आणि थांबलं की गजर व्हायचा. डावरीनं मोरीतल्या आरशासमोर उभं राहून शपथ घेतली. काकांना आपण आवडत नाही, एवढंच तिनं मनाशी पक्कं केलं, आणि ते तिला पुष्कळ वर्षं लागत राहिलं.

"बूटवाल्याकडून रिकामे खोके घेऊन येतो," असं म्हणून काका बाहेर पडले. काकू आतल्या खोलीत काचा पुसत होती. मोठी माणसं नजरेआड होताच तिन्ही भावंडं, एकूण वय एकशे साठच्या पुढे, पुन्हा लहान झाली.

"ए, बघू हं करून दाखव ना," चिमणी म्हणाली.

दादानं मान तिरपी केली, एक डोळा बारीक केला आणि घशातून आवाज काढला, "बघू हंऽऽ."

चिमणी टाळ्या पिटत म्हणाली, "एकदा मी विचारलं, मामा, तुझी छत्री नेऊ का? बघू हं, म्हणाला. मी नेली, हरवली. आणि हा पठ्ठ्या चार दिवस घरभर छत्री शोधतोय! मी म्हटलं, अरे तुला विचारूनच नेली होती. तर मलाच म्हणतो, कधी?"

"ते काहीच नाही," दादा म्हणाला. "शेजारचे मास्तर आले होते, आठवतं? जिन्यात गाठून म्हणाले, आमचे वडील गेले हो सकाळी. आणि काका हसून म्हणाले, बघू हं."

"मग?"

"मग काय! मास्तर म्हणाले, खरंय, आपल्या हातात काय असतं. तेव्हापासून मास्तर काकांना फार पोचलेला माणूस समजायचे."

चिमणी हसून हसून स्टुलावरून घसरली. मग काकूचा विषय निघाला. काकूला एकच गोष्ट दोनदा बोलायची खोड. रस्त्यात कुणी म्हणालं, आज उकडतंय, की काकूनं लगेच म्हणायचं, "अहो, आज उकडतंय म्हणताहेत." पोरांनी तिचं नाव रेडिओ ठेवलं होतं, सकाळच्या बातम्या संध्याकाळी पुन्हा.

"आणि कानानं घड्याळ ओळखणं!" दादा उठलाच. ते काकांचं खास वैशिष्ट्य होतं. न उघडता, नुसतं कानाला लावून ते सांगायचे, स्प्रिंग थकलीय, दाता मोडलाय, किंवा काही झालेलं नाही, तुमच्या हातात बसत नाही एवढंच. त्यासाठी लोक लांबलांबून यायचे. दादानं टेबलावरचं एक घड्याळ डाव्या हातात उचललं, नाकासमोरून पलीकडे नेऊन उजव्या कानाला लावलं आणि गंभीर चेहरा केला.

"अगदी अस्साच!" चिमणी म्हणाली. "नाकासमोरून फिरवून. मला वाटायचं वासही घेतो की काय."

डावरी हसत होती, ती थांबली.

"पुन्हा कर."

दादानं पुन्हा केलं.

"घड्याळ डाव्या हातात आहे," डावरी म्हणाली. "मग डाव्या कानाला का नाही लावत?"

दादा गोंधळला. "मला काय विचारतेस? ते तसंच करायचे."

"नेहमी?"

"नेहमी."

डाव्या हाताचं माणूस डावीकडच्या गोष्टी विसरत नाही. डावरीच्या डोळ्यांसमोर भिंतीलगतचं जेवायचं लांब बाकडं उभं राहिलं. तिचं कोपर दुसऱ्याच्या ताटात जायचं, म्हणून तिला कायम डाव्या टोकाला बसवत, आणि तिच्या शेजारी काका. म्हणजे काकांच्या डावीकडे ती. इथे दुकानातही गिऱ्हाईक उजवीकडे आणि तिचं स्टूल डावीकडे, कपाटाला टेकून, कोपर मोकळं राहावं म्हणून. जन्मभर ती प्रत्येकाच्या डावीकडेच बसत आली होती.

"चिमणे, छत्री मागताना तू कुठे उभी होतीस?"

"दारात. म्हणजे... कपाटाच्या बाजूला."

"आणि दादा, तू काय केलंस म्हणून तुला घड्याळ शिकवलं?"

"काही नाही गं. मी तिथे गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून नुसतं म्हणालो, काका, कंटाळा आलाय."

तिघांनीही एकदमच काकांच्या रिकाम्या खुर्चीच्या डाव्या बाजूकडे पाहिलं. आतल्या दारात काकू उभी होती, हातात काच आणि फडकं घेऊन.

"कळलं वाटतं," ती म्हणाली. "अकरा पोरांत एकालाही कळलं नव्हतं. मला तर वाटायला लागलं होतं, सगळा वंशच मठ्ठ."

"काकू, काकांना डाव्या कानानं..."

"अजिबात नाही. लहानपणी ताप आला होता, त्यात गेला. मला लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं. मी लाजत लाजत विचारलं, मी तुम्हाला आवडले का? तर म्हणाले, बघू हं." काकूनं काचेवर जोरात फडकं मारलं. "दोन दिवस अबोला धरला मी. त्यांना तोही कळला नाही. मी डावीकडनं काहीतरी बोलत असेन, असं समजून हसत राहिले. तिसऱ्या दिवशी मी चुकून उजवीकडून ओरडले, तेव्हा ते दचकले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला."

"पण लपवलं कशाला?" चिमणीनं विचारलं.

"अगं, कानानं घड्याळ ओळखणारा माणूस! एकच कान आहे म्हटल्यावर कुणी आलं असतं? म्हणून मी हे टेबल असं लावलं. रस्त्यात कायम त्यांच्या उजवीकडून चालले. लोकांचं बोलणं परत बोलले. तुम्ही मेल्यांनो मला रेडिओ म्हणायचात, ते मला ठाऊक आहे." मग तिनं आवाज खाली आणला. "आणि एक लक्षात ठेवा. मला हे माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. पन्नास वर्षं त्यांनी माझ्यापासून झाकलंय, बिचाऱ्यांना किती यातायात पडली असेल. आता शेवटी शेवटी कुणी तोंड उघडलंत तर माझ्याशी गाठ आहे."

डावरीला हसू येत होतं आणि रडूही, आणि स्वतःचा भयंकर राग येत होता. एक्केचाळीस वर्षं! एक पाऊल पलीकडे सरकायचं होतं फक्त. तिनं कपाटाजवळचं स्टूल उचललं, टेबलाला वळसा घातला आणि ते काकांच्या खुर्चीच्या उजवीकडे ठेवलं.

काका तीन खोके एकावर एक घेऊन आले, त्यांच्या मागून दिसत होती ती फक्त टोपी. खोके ठेवून ते खुर्चीत टेकले. काकू जाऊन त्यांच्या डावीकडे उभी राहिली आणि मघाशी पुसलेली काच पुन्हा पुसू लागली.

"काका," डावरी म्हणाली. तिचा आवाज नऊ वर्षांच्या मुलीसारखा निघाला, म्हणून तिनं घसा साफ केला. "काका, मला घड्याळ शिकवाल?"

काकांनी झटकन मान वळवली.

"तुला शिकायचंय? घड्याळ?" त्यांचा चेहराच उजळला. "अगं वेडे, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तू इथे येऊन तासन्‌तास बसायचीस. एवढ्या गोंगाट्या पोरांत तूच तेवढी शांत. मी हिला म्हणायचो, ही पोर शेजारी असली की काम कसं छान होतं. वाटायचं, हिला शिकवावं. पण तू कधी चकार शब्द काढला नाहीस, म्हटलं उगाच कशाला गळ्यात मारा. लहानपणीच का नाही विचारलंस?"

दादाला अचानक खोकला आला. चिमणीनं रद्दीचा कागद तोंडासमोर धरला, तो उलटा होता. काकू डावरीकडे डोळे वटारून बघत होती.

"राहून गेलं, काका," डावरी म्हणाली.

"राहून गेलं म्हणे!" काकांनी पेटी ओढून तिच्या मांडीवर ठेवली. मग स्वतःचं भिंग तिच्या हातात दिलं, एक जुनं मनगटी घड्याळ उघडलं आणि तिला चिमटा धरायला सांगितलं. तिनं तो डाव्या हातात घेतला. लगेच तिचं कोपर काकांच्या उजव्या कोपरावर आपटलं.

"हं, डावखुरी नाही का तू," काका म्हणाले. "अशी नको. इकडे माझ्या डावीकडे येऊन बस, म्हणजे कोपराला कोपर लागणार नाही."

डावरीनं भिंग डोळ्याला लावलं आणि स्टूल आणखी जवळ ओढलं.

"लागू द्या," ती म्हणाली.