रोपांना डिवचणारी माझी जाऊ

धाकट्या जावेला रोपवाटिकेत मीच चिकटवलं, हे आधीच सांगून टाकते. मी तिथे वीस वर्षं टोमॅटो-मिरचीची रोपं वाढवत होते. ही लग्न होऊन आमच्या घरात आली, दिवसभर नुसती बसून कंटाळायची, म्हणून मीच मालकीणबाईंकडे शब्द टाकला. आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे माझ्याकडून शिकावं.

पहिल्याच आठवड्यात तिचे उद्योग सुरू झाले. सकाळी पाणी घालायच्या आधी, पानं कोरडी असताना, काठीला मऊ फडकं बांधून ती आपल्या ट्रेंवरून फिरवायची. रोपांची डोकी एकदा इकडे वाकवायची, एकदा तिकडे. असं दहा वेळा, आणि दुपारी परत दहा वेळा. मी म्हटलं, "अगं, ही रोपं आहेत की मांजरं?"

ती हसली. "जाऊबाई, माहेरी जिन्यात मिरचीच्या कुंड्या होत्या. आम्ही सहा भावंडं येता-जाता खालच्या कुंड्यांना घासून जायचो. ती झाडं बुटकी राहायची, पण कधी कोलमडली नाहीत. वरच्या पायरीवरच्यांना कुणाचा धक्का लागत नव्हता, ती उंच व्हायची आणि मिरच्या धरल्या की आडवी पडायची."

जिन्यात शिकून आलेली पोर आता मला रोपं वाढवायला शिकवणार, असं मी जेवताना ह्यांना म्हणाले. ह्यांनी विचारलं, "पण रोपं कशी आहेत तिची?" मी ताटात आणखी भात वाढला आणि विषय बदलला.

रोपं चांगली होती, तीच तर पंचाईत. माझी उंच, कोवळी, नाजूक, नजरेत भरणारी. तिची ठेंगणी, गडद हिरवी, खोडं पेन्सिलीएवढी. गिऱ्हाईक आधी माझ्या ट्रेंशी थांबायचं, वा वा करायचं आणि जाताना तिचे ट्रे उचलून न्यायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात मालकीणबाई वनस्पतिशास्त्र शिकलेल्या. एक दिवस त्यांनी आम्हा सगळ्यांना गोळा करून धाकटीचं कौतुक मांडलं. "रोपाला धक्का लागला की ते सावध होतं," त्या म्हणाल्या. "वारा सुटलाय, नाहीतर कुणी खायला आलंय, अशा तयारीला लागतं. आतल्या आत इथिलीन नावाचा वायू तयार होतो, फळं पिकवतो तोच. उंची आवरते, खोड भरतं. जास्मोनेट म्हणून दुसरं एक संप्रेरक वाढतं, त्याने पानं किडीला नकोशी होतात. आणि दाटीत वाढणाऱ्या रोपाला कुणी हात लावला नाही, तर ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक त्याला नुसतं वर ताणतं. शेजारणीच्या सावलीत राहायचं नाही, एवढाच त्याला ध्यास. मग अंगात बळ नसतं." हे बोलताना त्या माझ्या ट्रेंकडे बघत होत्या. माझे कान तापले होते.

तेव्हा नवी शेड बांधून होत आली होती. तिची मुकादम कोण, हे एका मोठ्या मळ्याच्या मागणीवर ठरायचं होतं. अर्धी रोपं माझी, अर्धी तिची. जिची रोपं उघड्या रानात तग धरतील, ती मुकादम. बावीस वर्षं मी त्या पदाची वाट बघत होते, आणि ही येऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती.

रोपं लागवडीला जायला दोन आठवडे उरले असताना तिची आई न्हाणीघरात पडली आणि मांडीचं हाड मोडलं. धाकटीला अकरा दिवस माहेरी जावं लागलं. निघताना तिने ती फडक्याची काठी माझ्या हातात दिली. "दोन वेळा, दहा-दहा. तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही." मी म्हटलं, "जा तू निर्धास्त."

पहिल्या दिवशी खरंच राहून गेलं. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन तिच्या ट्रेंपाशी गेले. रोपं ताठ उभी होती. मी तशीच मागे फिरले. तिच्या रोपांना पाणी मात्र वेळेवर दिलं, हवं त्याहून जास्तच दिलं. हयगय केली असं कुणी म्हणायला नको. आणि आता लपवून काय करू, ती काठी मी माझ्या ट्रेंवरून फिरवली. अकरा दिवस, दोन वेळा, दहा-दहा.

ती परत आली ती घरी न जाता थेट शेडमध्ये. तिची रोपं लांबोडकी होऊन एकमेकांच्या अंगावर रेलली होती. तिने एकाचं खोड बोटांत धरून पाहिलं. मग माझ्या ट्रेंकडे आली, वाकून तिथलंही एक खोड पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. तेवढ्यात मालकीणबाई आल्या. "हे गं काय झालं तुझ्या रोपांचं?"

"आईच्या गडबडीत कुणाला सांगून जायचं राहिलं, बाई," ती म्हणाली. "माझीच चूक."

मी झारी हातात धरून दोन पावलांवर उभी होते. तोंड उघडलं असतं तर तेव्हाच. मी झारीत पाणी भरायला गेले.

मळ्यात लागवडीनंतर तिसऱ्याच दिवशी जोराचा वारा सुटला. तिची निम्मी रोपं झोपली, माझी उभी राहिली. नव्या शेडची मुकादम मी झाले. मालकीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शिकलात हो जावेकडून." मुकादम झाले तरी कौतुक तिचंच. त्या दिवशीही मी तिच्यावर जळले.

तिने हे घरात कुणाला सांगितलं नाही. भांडली असती तर मीही चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. ती माझ्याच हाताखाली काम करते, सांगेन ते निमूट करते, हसते, बोलते.

गेल्या आठवड्यात सकाळी ती तापाने फणफणली होती, उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, "जा घरी, पड जरा. तुझ्या ट्रेंचं मी बघते."

"नको, जाऊबाई," ती म्हणाली. "माझं मी करते." भिंतीला धरून उठली आणि ट्रेंपाशी गेली. मी मुकादम, पण तिला घरी पाठवायला माझी जीभ पुन्हा उचलली नाही.