ओरोमो, लाओ आणि सुमतीबाईंचे अपुरे पुस्तक

सुमतीबाई शेट्ये यांना मी प्रथम पाहिले ते गोव्यातल्या डिचोलीच्या वाचनालयात. वार्षिक सभा होती. मी नेहमीप्रमाणे तावातावाने बोलून खाली बसलो आणि हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या या बाई ओरोमो व लाओ या दोन भाषांवर बोलायला उभ्या राहिल्या. एक इथिओपियातली, दुसरी मेकाँग नदीकाठची. बाहेर खनिजाच्या ट्रकांची रांग होती, धुळीमुळे खिडक्या बंद होत्या. थोड्याच वेळात मागच्या बाकावरून एका ट्रकमालकाने विचारले, "बाई, ह्या भासांचा आमकां किदें पडलां?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "बाबल, तुझ्या ट्रकातली माती जपानाक जाता. तुझी चौकशी साखळी गावाच्या फुडे जायना?"

सगळ्यांत मोठ्याने बाबलच हसला आणि शेवटपर्यंत बसून राहिला. मला मात्र त्या दिवसापासून स्वस्थता नाही. भाषेसाठी मी आयुष्यभर घसा फोडला. पण आपण जिच्यासाठी ओरडतो ती भाषा माणसाच्या आत नेमके काय करते, हा प्रश्न बाईंनी माझ्यापुढे ठेवला आणि तो अजून तिथेच आहे.

बाई मूळच्या पेडण्याच्या. गोवा मुक्त झाल्यानंतरच्या वर्षांत पतीबरोबर त्या शिक्षिका म्हणून इथिओपियाला गेल्या. तिथे तेव्हा सम्राटाची राजवट होती. ज्या गावी त्या शिकवत, तिथल्या मुलांची घरची भाषा ओरोमो, आणि तिला शाळेत मज्जाव. मुलांनी आईची भाषा दाराबाहेर ठेवून वर्गात यायचे. बाईंनी ती दाराबाहेरच उचलली, पाणी भरायला येणाऱ्या बायकांकडून. निरोपाच्या दिवशी एका विद्यार्थ्याचे आजोबा उभे राहिले आणि आशीर्वाद देऊ लागले. त्यांच्या प्रत्येक वाक्यामागून जमलेले सगळे 'तसेच होवो' म्हणत होते. बाई सांगतात, "माका वाटला, मी पेडण्यात देवळासमोरच उभी आसय. गाऱ्हाणा चल्लाहा, आनी मागसून सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतत."

तिथून, गावासाठी देवाकडे मागणे मागणाऱ्या आपल्या त्या गाऱ्हाण्यापासून, त्यांचे काम सुरू झाले. माणूस दुसऱ्याचे भले चिंततो, तेव्हा भाषा त्याला कोणती वाट देते?

दुसरी भाषा त्यांना हरमलला भेटली. तिथे त्यांची बहीण पर्यटकांना खोल्या देते. दर हिवाळ्यात फ्रान्सहून येणारी बुनमी नावाची लाओ बाई तिच्याकडे उतरते आणि किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये, म्हणजे झोपडीवजा खानावळीत, स्वयंपाक करते. भाचीला ताप आला, तेव्हा बुनमीने तिच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि भटकायला गेलेल्या जिवाला परत अंगात बोलावणारे शब्द म्हटले. तेव्हापासून बाई रविवारी डिचोलीहून म्हापशाला बस बदलून हरमलला जाऊ लागल्या.

विद्वानांनी विचारले, या दोन भाषांचे नाते काय? बाईंचे उत्तर मला आजही पेटवते. नाते नाही, म्हणूनच तुलना. सख्ख्या भाषांतले साम्य वारशाचे असते, शेजारणींतले उसने असते. इथे जे सापडेल ते निव्वळ माणसाचे. ओरोमोत क्रियापद मराठीसारखे शेवटी येते. म्हातारा गुरे, पाऊस, लेकरे अशी एकेक नावे घेतो. त्यांचे काय व्हावे ते शेवटी कळते. लाओ आशीर्वादात 'मागतो' हे आधीच येते. शब्द रूप बदलत नाहीत, पण स्वराची पट्टी चुकली की अर्थ चुकतो. वाटा इतक्या वेगळ्या, आणि दोन्हीकडे जमलेल्यांची साथ नसलेला, एकट्याने बोललेला आशीर्वाद अर्धाच मानतात.

बुनमीचे वडील गावात असे आशीर्वाद म्हणणारे होते. ती लहानपणीच नदी ओलांडून निर्वासित झाली, म्हणून तिला अर्धेच आठवते. एका रविवारी म्हणता म्हणता ती अडली आणि रडू लागली. बाईंनी टेपरेकॉर्डर बंद केला, पेज शिजवली, तिच्यासमोर बसून स्वतःही प्यायल्या. त्या हंगामात त्यांनी पुन्हा विचारले नाही.

आता बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त, या गौरवग्रंथाबरोबरच त्यांचे आशीर्वादांवरचे पुस्तकही छापायचे आमच्या गौरव समितीने ठरवले. शेवटचे लाओ प्रकरण अपुरे. मी तणतणत बाईंच्या घरी गेलो.

"उरलेलं छापील पोथीतून घ्या."

"ती पोथी राजधानीतली. बुनमीच्या बापाशीची न्हय."

"कोणाला कळणार आहे?"

"बुनमीक."

"मग आम्ही अजून किती थांबायचं?"

"तुका थांब म्हणान कोणी सांगला? मी आनी बुनमी जानेवारीत तिच्या गावाक जातंव."

त्यांचा मुलगा आतून म्हणाला, "आई, गुडघे?"

"गुडघे घराक ठेवन जावक मेळतत काय, ता बघतंय."

बुनमीच्या वडिलांकडे शिकलेला एक म्हातारा त्या गावात अजून जिवंत आहे, असा निरोप तिला नातेवाइकांकडून आला आहे. पण तो अंथरुणाला खिळला आहे आणि आता फारसा बोलत नाही. म्हणजे इकडे आम्ही हार, शाल आणि निमंत्रणपत्रिकांच्या खटपटीत, आणि तिकडे एका माणसाच्या घशात एका लेकीच्या बापाचे शब्द दिवसेंदिवस क्षीण होताहेत. हे ऐकल्यावर मी कोणत्या तोंडाने वाद घालणार? समितीला मी कळवले आहे: समारंभ होईल, बाईंचे पुस्तक येणार नाही.

या गौरवग्रंथाच्या वाचकांना माझे सांगणे आहे की बाईंना विसाव्याचे, तृप्तीचे आयुष्य चिंतू नका; ते त्यांना मानवणार नाही. त्यांच्या पायांत बळ राहो, कान तिखट राहोत, आणि शताब्दीच्या दिवशीही त्या आम्हाला 'काम उरले आहे' म्हणून दारातून परत पाठवोत. आणि मेकाँगकाठी पडून असलेल्या, आपल्यापैकी कोणीही न पाहिलेल्या त्या म्हाताऱ्यालाही आयुष्य लाभो. या दोघी त्याच्या उशाशी पोचेपर्यंत त्याचा आवाज टिकून राहो.