दहाच्या अलीकडचे आठ

गणपत सारंग मालवणच्या बाजारात कपडे शिवत असे, तेव्हा तो मापं लिहून घेत नाही ही त्याची ख्याती होती. खांदा, छाती, बाही, सगळे आकडे डोक्यात राहत. वर्षाने परतलेल्या गिऱ्हाइकालाही तो फीत न लावता विचारी, "खांदो तोच मां, की मुंबयचा जेवण अंगाक लागला?"

सन पंचावन्नमध्ये क्षयाच्या लशीची मोहीम तालुक्यात आली. सातवी पास झालेली, स्थिर हाताची माणसं त्यांना हवी होती. गणपतने मशीन धाकट्या भावाच्या हवाली केलं, पुण्याला तीन महिने शिकून आला आणि टेक्निशियन झाला. लशीच्या नावावरून लोकांच्या तोंडी तो 'बीसीजीवालो'.

काम सांगायला सोपं होतं. डाव्या हातावर, कोपराच्या पुढे, कातडीच्या वरच्या थरात तपासणीच्या औषधाचा थेंब टोचायचा आणि तीन दिवसांनी त्या गावी परत जायचं. क्षयाचे जंतू ज्याच्या अंगात कधी शिरलेच नाहीत, त्याच्या हातावर काही नसे, किंवा मुगाच्या दाण्याएवढी गाठ असे. ते शिरून गप्प बसले असतील तर गाठ मोठी. लाली डोळ्यांना फसवते, म्हणून बोटाने चाचपून गाठीची कडक कड शोधायची, तिच्यावर पारदर्शक पट्टी धरायची आणि मिलिमीटर सांगायचे. दहाच्या आत असेल तर लस. दहा किंवा वर असेल तर लस नाही, आणि घरात कोणी खोकणारा असेल तर छातीच्या फोटोसाठी सावंतवाडीला चिठ्ठी.

आकडा मोठ्याने सांगावा लागे, कारण शेजारच्या टेबलावरचा कारकून तो ऐकून वहीत लिही. ओटीवर बसलेलं गावही ऐके. सहा महिन्यांत लोकांना दहाचा अर्थ कळला. लस न घेता परतलेल्या मुलीकडे बायका वळून बघू लागल्या. सोयरीक घेऊन येणारी माणसं पत्रिका मागण्याआधी विचारू लागली, "चेडवाक लस गावली मां?"

पहिला खोटा आठ हडी गावच्या शाळेत झाला. सतरा वर्षांची मुलगी होती आणि तिची आई तिच्या मागे पदराचं टोक दातात धरून उभी होती. पट्टीवर अकरा होते. गणपतने आईकडे बघितलं आणि तोंडून आकडा गेला, "आठ." नऊ म्हटलं असतं तर ते दहाला खेटून दिसलं असतं. आठ साधा होता, कोणी दोनदा ऐकू नये असा. कारकुनाने लिहिला. आईने पदर सोडला.

नंतरचे आठ सोपे गेले.

आनंदीचा आठ मात्र सोपा नव्हता. ती त्याच्या थोरल्या बहिणीची, तोंडवळीच्या हौसाबाईची मुलगी. तिचा बाप विश्राम मुंबईच्या गिरणीतून खोकला घेऊन आला आणि दोन वर्षं माजघरात पडून गेला. सत्तावन्नच्या जानेवारीत गणपत तोंडवळीला पट्टी घेऊन बसला, तेव्हा आनंदीचं लग्न आचऱ्याला ठरल्यात जमा होतं आणि नवऱ्या मुलाची आत्या ओटीवरच बसली होती. गणपतच्या बोटाला गाठीची कड लागेना. ती त्याच्या अंदाजाच्या बरीच पलीकडे होती. पट्टीवर सोळा आले. घरात माणूस खोकून गेलेला, म्हणजे फोटोची चिठ्ठी नक्की. ती चिठ्ठी आत्याच्या समोर द्यावी लागणार.

"आठ," गणपत म्हणाला.

आनंदीने पट्टीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चौथीपर्यंत शिकलेली मुलगी. तिने हात काढून घेतला आणि लशीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. वैशाखात तिचं लग्न झालं.

अठ्ठावन्नच्या नोव्हेंबरात पुण्याहून पत्र आलं. खाली सही होती सबनीस यांची. मोहिमेच्या वह्या जमवून त्यांचा ताळा बघणं हे त्यांचं काम. पत्र चार ओळींचं होतं. मालवण तालुक्यातल्या नोंदींत आठचा आकडा दोनशे बारा वेळा आहे, दहा फक्त नऊ वेळा, अकरा चौदा वेळा. शेजारच्या तालुक्यांत असं नाही. डिसेंबरात मी आचऱ्याला येत आहे. आपल्या मापनाची तपासणी होईल. फरक जास्त आढळल्यास दोन वर्षांच्या नोंदी बाद कराव्या लागतील आणि आपणांस मापनाच्या कामावर ठेवता येणार नाही.

सोबत लागणाऱ्या सामानाची यादी होती. तिच्यात एक वस्तू अशी होती की ती गणपतलाच करावी लागली. दहा हात लांबीचा जाड कापडाचा पडदा, त्याला मनगट जाईल अशी चार भोकं. मापणाऱ्याला फक्त हात दिसावा, माणूस दिसू नये.

त्याने भावाकडून मशीन मागून घेतलं. कापड शिडाचं होतं. भोकांच्या कडांना बोटभर माया सोडून तो दुमड घालत असताना हौसाबाई आली. तरीतून उतरून थेट आलेली, लुगड्याचा काठ अजून ओला.

"काय शिवतंस रे?"

"सरकारचो पडदो."

"पडदो? शाळेत दशावतार आसा काय?"

"आमची परीक्षा आसा."

"पडद्याआडसून परीक्षा. बरो मास्तर तुमचो, लाजरो." ती हसली आणि उंबऱ्यावर बसली. मग हसू गेलं. "आनंदीचो खोकलो सुटना नाय रे. दिवाळेपासून आसा. सासू म्हणता, थंड पाण्यात हात घालता म्हणान. पण पोराक पाजूक घेता तेव्हाय खोकता. तीन म्हयन्यांचा पोर दचाकता."

गणपतने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"तिचो आकडो आठच होतो मां?"

"व्हय गो बाय."

"मगे काय नाय. लसय गावलेली तिका. तू होतंस म्हणान मी निवांत आसंय."

ती गेल्यावर त्याने शिवण उसवली. चौथं भोक वाकडं आलं होतं.

आचऱ्याच्या शाळेत पडदा लागला. सबनीस तिशीतले, सडपातळ, बोलताना चष्मा पुसणारे. त्यांनी रीत ठरवली. गाव नवं, अजून कोणालाच लस दिलेली नाही. तीन दिवसांआधी टोचून ठेवलेले एकशेवीस हात. प्रत्येक हात गणपत मोजणार, आणि पुण्याहून आलेल्या टेक्निशियन सरलाबाई दुसऱ्या टोकाच्या भोकाशी मोजणार. आकडा मोठ्याने सांगायचा नाही, चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. त्यातले तीस हात न सांगता नवा नंबर लावून पुन्हा त्याच्यासमोर येणार.

बांगड्यांचा प्रश्न निघाला. बांगड्यांवरून बाई ओळखता येते, सबनीस म्हणाले, काढून ठेवायला सांगा. बायकांच्या रांगेत कुजबुज झाली. सवाष्ण हात मोकळा ठेवणार नव्हती. शेवटी प्रत्येक मनगटाला शिडाच्या कापडाची पट्टी गुंडाळली. तीही गणपतनेच फाडून दिली.

मग हात येऊ लागले. भोकातून आत येणारे हात, कापडाची मनगटं, माणूस नाही. पहिल्या दहा-बारा हातांची कड त्याने दोनदोनदा चाचपली. एक हात आनंदीसारखा रोड होता. आनंदी या गावातच असते हे त्याला ठाऊक होतं. बाहेरगावी लस घेऊन आलेल्या सुनांना बोलावलेलं नाही हेही ठाऊक होतं, तरी त्या हातावर त्याने पट्टी पुन्हा ठेवून पाहिली. सात आले. त्याने सात लिहिले. नंतर हात नुसते हात झाले. कड लागली, पट्टी ठेवली, आकडा लिहिला. चौदा. सहा. अकरा. दहा. पलीकडे कोणाची आई उभी आहे हे त्याला दिसत नव्हतं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा दहा हा आकडा त्याच्या हातून विनासायास उतरला.

दुपारी माणसं घरी गेल्यावर सबनिसांनी चिठ्ठ्या लावल्या. चौकटीच्या कागदावर ते ठिपके देत गेले. आडवा गणपतचा आकडा, उभा सरलाबाईंचा. एकेका हाताचा एकेक ठिपका. ठिपके कागदाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरके चढत गेले, रेघ ओढल्यासारखे. गणपत समोरच्या बाकावर गुडघे आवळून बसला होता.

"दोघांत सरासरी अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही," सबनीस म्हणाले. "आणि तुमचा स्वतःशी तर त्याहून कमी. इतका स्थिर हात मी पुण्यातसुद्धा पाहिला नाही, सारंग."

गणपतला हसू येणार होतं.

"म्हणजे बोट बरोबर आहे," सबनिसांनी चष्मा काढला. "मग आठ कुठून आले?"

गणपत कागदावरच्या ठिपक्यांकडे बघू लागला.

"सगळ्यांची बोटं पाचावर आणि दहावर टेकतात. मोजणारा थकला की गोल आकडा सांगतो. ती चूक आम्ही ओळखतो, तिचा हिशेब धरतो. तुमची दहावर टेकत नाहीत, दहाच्या आधी थांबतात. त्याला थकवा म्हणत नाहीत." ते थोडा वेळ काच पुसत राहिले. "जुनी पट्टी सदोष होती असं तुम्ही लेखी दिलंत, तर मला ते खोटं ठरवता येणार नाही. नोंदी बाद होतील, तुमची नोकरी राहील."

"बाद होतील म्हणजे त्या लोकांना पुन्हा सुई टोचतील?"

"टोचून उपयोग नाही. त्यांना लस दिली आहे. लशीनेही गाठ येते. आता कोणाची जंतूंची आणि कोणाची लशीची, ते कोणालाच कळणार नाही."

शाळेमागच्या माडांत कोणीतरी नारळ पाडत होतं. एक पडला, मग दुसरा.

"साहेब, वही द्या," गणपत म्हणाला. "आणि पेन्सिल."

त्याने हडीचं पान काढलं. एका आठाभोवती गोल केला आणि बाजूला अकरा लिहिले. खाली दुसरा गोल, तेरा. मापं न लिहिता लक्षात ठेवणाऱ्या माणसाच्या डोक्यात ती सगळी होती, खऱ्या आकड्यांसकट, पाठीमागे उभ्या असलेल्या आयांसकट. दोनशे बारांपैकी त्रेसष्ट गोल झाले. तोंडवळीचं पान त्याने दोनदा ओलांडलं. मग उघडलं आणि आनंदीच्या आठापुढे सोळा लिहिले.

"घरात कोणी?" सबनिसांनी विचारलं.

"बापूस. खोकान गेलो." कचेरीतली भाषा त्याला त्या क्षणी सापडली नाही. "माझी भाची ती. आता तीय खोकता."

सबनिसांनी वही ओढून घेतली. रागावले नाहीत, ते गणपतला अधिक जड गेलं. "हे आकडे मी धरू शकत नाही. आठवणीतलं माप पुरावा होत नाही. दोन वर्षांच्या नोंदी जातील. पण माणसं शोधायला हे चालेल." त्यांनी फोटोच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. "त्रेसष्ट लिहा. तुम्हीच घरोघर नेऊन द्यायच्या. एक तारखेपासून पट्टी सरलाबाईंकडे."

पहिली चिठ्ठी घेऊन तो त्याच संध्याकाळी आनंदीच्या घरी गेला. शाळेपासून ते चार कुंपणं पलीकडे होतं. सासू खळ्यात वाळत घातलेल्या सुपाऱ्या गोळा करत होती.

"बीसीजीवाले इले," ती म्हणाली. "आता काय टोचूचा ऱ्हवला?"

"फोटो काढूचो आसा. आनंदीचो."

आनंदी पोराला खांद्यावर घेऊन दारात आली होती. चिठ्ठी वाचून तिने ती चौकोनी घडी केली.

"त्या दिसा सोळा होते, आनंदी. मी आठ सांगलंय."

"माका ठावक आसा, मामा. पट्टी माझ्याच हातार होती."

"मगे बोललंस नाय कित्याक?"

"आत्या बसलेली." तिने तोंड फिरवून खोकून घेतलं. "तू आठ म्हणालंस, माका बरा वाटला."

सासूने सुपाऱ्यांची टोपली खाली ठेवली आणि पोराला तिच्याकडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई पोराजवळ राहिली आणि मामा-भाची सकाळच्या एस्टीने कणकवलीवरून सावंतवाडीला गेली. फोटो सुकायला दुपार झाली. डॉक्टरांनी तो खिडकीत धरला. उजव्या बाजूला, वर, डाग होता.

"वेळेत आलात असं दिसतंय. औषध आहे, पण वर्षभर चुकवायचं नाही," ते म्हणाले. "सध्या अंगठ्याएवढा आहे."

"अंगठ्याएवढा म्हणजे किती?" गणपतने विचारलं. त्याने खिशातून पट्टी काढली. ती परत करायला अजून दिवस होते. डागाची कड त्याने बोटाने शोधली, जशी हातावर शोधत असे, आणि पट्टी फोटोवर टेकवली.

आनंदी बाकावरून उठून जवळ आली.

"मोठ्यान सांग, मामा."

"बावीस," गणपत म्हणाला.