कडूबाच्या हातचं घोडं

अंबडच्या बाजूला त्या काळी कुणाला घोडं वळवायचं असलं, म्हणजे त्याला लगामाची, खोगिराची, पाठीवरच्या माणसाची सवय लावायची असली, की एकच नाव निघायचं. कडूबा. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. एसटी अंबडपर्यंत यायची, पण आतल्या गावांना जायला कच्ची वाट, आणि पावसाळ्यात ढोपरभर चिखल. म्हणून शेतीवाल्या घरी एखादी घोडी असायचीच, आणि ती बहुतेक कडूबाच्या हाताखालून गेलेली असायची.

काटकुळा माणूस, पन्नाशी ओलांडलेला. पण काय हात होता हो त्याचा! चावरं, लाथाळ, माणूस दिसला की कान मागं टाकणारं जनावर याच्यापुढं आठ दिवसांत मान खाली घालायचं. तेही चाबूक न उचलता. पहिले तीन दिवस तर तो खोगिराला हातच लावायचा नाही. नुसता खरारा करायचा, एकेक पाय उचलून खुरातला चिखल-खडा काढायचा, गुडघ्यापासून खाली तळहात फिरवून कुठं गरम लागतं का ते बघायचा. लिदीत आख्खे हरभरे दिसले की दात तपासायचा. लोक हसायचे, "कडूबा, लीद काय वाचून राह्यलास?" तो म्हणायचा, "जनावराला तोंड हाय, पण बोलता येत न्हाई. मंग कुठंतरी वाचावंच लागतं."

घामाघूम घोडं कुणी थेट हौदावर नेलं तर मात्र त्याचं डोकं सणकायचं. मालक कितीही मोठा असो, भर चौकात ऐकवायचा, "आधी खोगिराचा तंग ढिला करा, चार फेऱ्या चालवा, दम उतरू द्या. पोटात कळ आली तर रात्रभर तुम्ही जागणार हाय का?" असं बोलायची छाती गावात दुसऱ्या कुणाची नव्हती.

तर अशा या माणसाच्या घोड्यांना एक खोड होती. कडूबाच्या हातचं कोणतंही घोडं नदीकडून परत येताना गावच्या वेशीत आलं, की थांबायचं. टाच मारा, चुचकारा, दोन क्षण थांबणार म्हणजे थांबणार. वेशीला लागून मारुतीचं देऊळ. पारावर बसणाऱ्या काकासाहेबांनी त्याचा अर्थ लावून टाकला होता, की मुकं जनावर देवाला नमस्कार करतं. घोडं थांबलं की म्हातारा स्वतःही हात जोडायचा. गावाला हे इतकं पटलं, की पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे.

कडूबाला मात्र खरं ठाऊक होतं, आणि तो गप्प होता.

त्या साली सर्जेराव पाटलांचं घोडं भरधाव आलं आणि वेशीत थबकलं. घोडं थांबलं, पाटील थांबले नाहीत. मानेवरून उडून थेट मारुतीच्या पायरीवर. हात मोडला. काकासाहेब म्हणाले, "दर्शन झालं म्हणायचं!" पाटलांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते घोडं त्यांनी विकलं, माळेगावच्या जत्रेतून हरणी नावाची नवी घोडी आणली, आणि कडूबाला बोलावलं.

"हे बघ," गळ्यात हात अडकवलेले पाटील म्हणाले, "तुझ्यासारखा हात दुसरा न्हाई, म्हणून देऊन राह्यलो. पण ही जर वेशीत थांबली, तर मी तिला बाजारात काढीन, आन तू या गावात पुन्हा घोड्याला हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

कडूबा घरी आला तो तोंड उतरवून. घोड्याला हात लावायचा नाही म्हणजे काय करायचं? मजुरीला तो कुठंही गेला असता, पण सकाळी उठून घोड्याच्या गळ्यावर हात ठेवल्याशिवाय त्याला दिवस उगवल्यासारखा वाटत नसे. त्याची बायको कौसल्या चुलीपुढं भाकरी थापत होती. त्यानं तिला आजवर न सांगितलेलं सांगितलं.

"घोडी देवासाठी थांबत न्हाईत. मी तिथं उतरतो म्हणून थांबतात. बाप नदीवरून घोडं आणायचा, वेशीत खाली उतरायचा आन लगाम धरून पायी गावातून जायचा. आपल्या माणसानं गावातून बसून जायचं नव्हतं. म्या बी तेच केलं. माणूस जे रोज करतो तेच घोडं शिकतं."

कौसल्येचा हात परातीत थांबला. "आता कोण म्हणतं उतरा म्हणून?"

"कुणीच न्हाई."

"मंग? छप्पन साली घरातले देव सोडले, मेलेली ढोरं ओढायची सोडली. आन ही एक वेस तुम्हाला सुटंना व्हय?"

तिचं बोलणं त्याला झोंबलं. पण खोटं काय होतं त्यात?

दुसऱ्या दिवशी तो पाटलांपुढं उभा राहिला. "घोडी थांबू नये असं वाटत असंल तर एकच इलाज हाय. म्या वेशीतून बसून येणार. तुमच्या दारापर्यंत. रोज."

पाटलांनी गळ्यात अडकवलेला हात सावरला. मग म्हणाले, "मी कधी उतर म्हणलो तुला?"

"न्हाई म्हणले. बसून ये असंबी कधी न्हाई म्हणले."

पाटलांनी मान खाली घातली. "ये बसून," ते म्हणाले.

महिनाभर कडूबानं हरणीला नदीच्या वाळूतच घोळवलं. आधी पाठीवर वाळूचं पोतं, मग स्वतः. पाटलांकडं जाता-येता तो तिला लांबच्या पांदीनं, शेतांमधल्या वाटेनं, पायी न्यायचा. वेशीची वाट तिला दाखवलीच नाही. मग एका सकाळी तो तिच्यावर बसून गावाकडं निघाला. वेशीत माणसं जमली होती. पाटील होते, पारावर काकासाहेब होते, आणि पाण्याला निघालेली कौसल्या घागर कमरेवर घेऊन उभी होती.

हरणी दुडक्या चालीनं आली. आणि बरोबर वेशीत थांबली.

"थांबली!" पाटील ओरडले. काकासाहेबांनी हात जोडले. कडूबाला कळेना. ही कशी थांबली? हिनं तर वेस आज पहिल्यांदा पाहिली! त्यानं खाली पाहिलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचा उजवा पाय रिकिबीतून बाहेर आला होता. त्याला न विचारता, चाळीस वर्षांच्या सवयीनं. अंग कललं, लगाम ओढला गेला, आणि त्या शहाण्या घोडीनं स्वाराचं ऐकलं.

"ती न्हाई थांबली पाटील," तो मोठ्यानं म्हणाला. "म्या थांबवली. चूक माझी हाय, तिची न्हाई. पुन्हा बघा."

त्यानं पाय परत रिकिबीत घातला, हरणीच्या मानेवर थोपटलं, "माफ कर माय," म्हणाला आणि तिला पार वडाच्या झाडापर्यंत मागं नेलं. तिथून वळला. ताठ बसला. घोडी वळवताना जेवढं लक्ष तो जनावराच्या पायांवर ठेवायचा, तेवढं त्यानं आज स्वतःच्या पायांवर ठेवलं. वेस जवळ आली तसा उजवा पाय पुन्हा रिकिबीतून सुटू बघायला लागला. त्यानं टाचा घट्ट दाबल्या.

हरणी वेशीतून सरळ आत गेली. कान ताठ, एकसुरी चाल, काहीच घडलं नसल्यासारखी.

काकासाहेबांनी सवयीनं हात जोडून धरले होते. पण घोडी थांबली नाही, आणि ती पुढं आली तसे ते जोडलेले हात नेमके खोगिरावरच्या कडूबासमोर आले. म्हाताऱ्याला ते खाली घ्यायचंही सुचेना.

कडूबानं लगाम डाव्या हातात घेतला, उजवा हात कपाळापर्यंत नेला आणि घोडीवरूनच म्हणाला, "जय भीम, काकासाहेब."